काळ्या रानातला डांबरी रस्ता

मुलांनो, आजचा पहिला प्रश्न अगदी सोपा आहे. रस्ता कुठे बांधणं सोपं? घाटात की सपाट रानात?

"यात काय विचारायचं? सपाट रानात!" असंच म्हणालात ना? घाटात सुरुंग लावून खडक फोडावा लागतो, वळणावर वळणं काढावी लागतात, दरडींची भीती असते. सपाट रानात काय? दोरी धरायची, खडी पसरायची, डांबर ओतायचं, वरून रोलर फिरवायचा. झाला रस्ता!

बरं, मग दुसरा प्रश्न. इतका सोपा रस्ता दोन-चार पावसाळ्यांत लाटांसारखा खालीवर का होतो? त्याच्या कडा का फाटतात? गाडीत बसलं की होडीत बसल्यासारखं का वाटतं?

आता कसे गप्प झालात! चला तर, उत्तर शोधायला आपण हिंगोली जिल्ह्यात जाऊ. तिथे सेनगाव तालुक्यात पुसेगाव नावाचं गाव आहे. नाव ऐकून काही जण लगेच म्हणतील, "ते सेवागिरी महाराजांचं ना?" नाही हं. ते साताऱ्याकडचं, खटाव तालुक्यातलं. हे पुसेगाव मराठवाड्यातलं. हिंगोली हा तसा तरुण जिल्हा. १ मे १९९९ रोजी तो परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके. उत्तरेच्या अंगाला पैनगंगा वाहते. पलीकडे गेलं की विदर्भ सुरू. जिल्ह्याच्या मधून कयाधू नदी वाहते आणि पुढे जाऊन पैनगंगेलाच मिळते. कयाधूच्या काठावरच नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. नामदेवांची पदं शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहेबातही आहेत, म्हणून पंजाबातूनही भाविक नर्सीला येतात.

नर्सी, पुसेगाव, सेनगाव या टापूत फिरलात तर काय दिसतं? मोकळं शिवार. सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा आणि हळद. वसमतच्या हळदीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रानाच्या मधून डांबरी रस्ता जातो, कडेला कडुलिंब, बाभळी. दुपारच्या उन्हात लांबवर रस्त्यावर पाणी साचल्यासारखं चमकतं, जवळ गेलं की गायब! ते मृगजळ. असे रस्ते काही मुंबई-पुण्याच्या द्रुतगती मार्गासारखे प्रसिद्ध नसतात. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढत नाही. पण हळदीचं पोतं बाजारात जातं ते याच रस्त्यावरून, आणि आजारी माणूस दवाखान्यात पोचतो तोही याच रस्त्यावरून.

आणि या रस्त्याची सगळी गोष्ट दडली आहे ती त्याच्या खाली. काळ्या मातीत.

फुगणारी जमीन

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. ते गोठून झाला बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ. त्या कातळाची झीज होऊन तयार झाली काळी माती. कापसाला ही माती मानवते म्हणून तिला इंग्रजांनी नावही तसंच दिलं, काळी कापसाची माती.

शेतकऱ्याला ही माती सोन्यासारखी. ती पाणी धरून ठेवते. पावसाळा संपल्यावरही हरभरा, ज्वारी नुसत्या ओलीवर येते. पण जो गुण शेतकऱ्याच्या कामाचा, तोच रस्ता बांधणाऱ्याच्या डोकेदुखीचा. या मातीत एक खास प्रकारची चिकणमाती असते. तिचं नाव मोठं आहे, घाबरू नका : मॉन्टमोरिलोनाइट. तिचे कण म्हणजे वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले पातळ थर. पाणी मिळालं की ते या पानांच्या मधे शिरतं आणि पानं दूर सरकतात. माती फुगते. ऊन पडलं की पाणी जातं, पानं पुन्हा जवळ येतात. माती आक्रसते आणि रानात भेगा पडतात. उन्हाळ्यात काळ्या रानातल्या भेगा पाहिल्यात ना? काही भेगांत तर अख्खा हात जातो. (पण घालू नका बरं का! आत विंचू असला तर?)

खरं वाटत नाही? मग करून पाहा. दोन जुन्या ताटल्या घ्या. एकीत काळ्या मातीचा चिखल नीट मळून कडेपर्यंत थापा. दुसरीत मुरूम किंवा नदीची वाळू ओली करून तशीच थापा. दोन्ही ताटल्या दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. वाळू जिथल्या तिथे राहील. काळी माती मात्र ताटलीची कड सोडून आत सरकलेली दिसेल आणि तिच्यावर भेगांची नक्षी उमटलेली असेल. आता मनात त्या मातीवर एक रस्ता ठेवा. दर वर्षी पावसाळ्यात ती त्याला उचलणार आणि उन्हाळ्यात खाली सोडणार. सगळीकडे सारखं उचललं असतं तर गोष्ट वेगळी. पण इथे दोन बोटं, तिथे चार बोटं! मग लाटा नाही उठणार तर काय होणार?

कडा आधी का फाटतात तेही आता कळेल. रस्त्याच्या मधोमध, डांबराच्या छपराखाली, मातीची ओल फारशी बदलत नाही. कडेची माती मात्र उघडी. ती पावसात भरपूर पाणी पिते आणि उन्हात तितकीच वाळते. म्हणजे मधली माती शांत आणि कडेची सतत हलणारी. या दोघींच्या सीमेवर डांबर तडकतं. म्हणूनच काळ्या रानातल्या रस्त्यांवर कडेला समांतर जाणाऱ्या लांबच लांब चिरा दिसतात. एकदा चीर पडली की वरून पाणी आत जायला दार उघडलंच म्हणून समजा.

मॅकॲडमसाहेबांचा मंत्र

पाणी हा रस्त्याचा शत्रू आहे, हे फार मागे एका माणसाने ठणकावून सांगितलं होतं. जॉन मॅकॲडम त्याचं नाव. १७५६ साली स्कॉटलंडमध्ये त्याचा जन्म झाला. १८१६ साली त्याच्याकडे इंग्लंडातल्या ब्रिस्टल भागातले रस्ते सांभाळायचं काम आलं. तेव्हा लोक म्हणायचे, रस्ता मजबूत हवा तर खाली मोठमोठे धोंडे घाला. मॅकॲडम म्हणाला, छे! ओझं पेलते ती खालची जमीन. ती कोरडी ठेवा, मग ती कितीही वजन पेलेल. तिच्यावर बारीक फोडलेल्या दगडांचे थर द्या. दगड सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा जड नको. चाकं फिरून फिरून दगडांच्या धारा एकमेकींत अडकतील आणि छप्पर तयार होईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच हवा आणि पाणी बाजूला निघून जायला हवं.

आजही आपले इंजिनिअर खडीच्या थरांना 'मॅकॅडम' म्हणतात, ते याच माणसाच्या नावावरून.

काळ्या रानात रस्ता करताना काय करतात? शक्य असेल तिथे वरची काळी माती काढून टाकतात. तिच्या जागी मुरूम भरून दाबतात, कारण मुरूम फुगत नाही. कधी मातीत चुना मिसळतात. चुन्याने तिचा फुगण्याचा स्वभाव बराच शांत होतो. त्यावर खडीचे थर, मोठी खडी खाली, बारीक खडी वर. सगळ्यात वर डांबर. डांबराचं काम नुसतं गुळगुळीत दिसायचं नाही, पाणी आत जाऊ द्यायचं नाही हेही आहे. ते म्हणजे रस्त्याची छत्री.

आणि छत्रीसारखाच रस्ताही मधे थोडा उंच असतो. कधी खाली बसून, डोळा रस्त्याच्या पातळीवर आणून पाहिलंय? (गाड्यांचा रस्ता नको, गावातला शांत रस्ता बघा, आणि मोठं माणूस बरोबर असू द्या.) डांबरी रस्त्याला मधून दोन्ही बाजूंना साधारण शंभराला दोन ते अडीच इतका उतार देतात. म्हणजे ७ मीटर रुंदीचा रस्ता असेल, तर मध्यापासून कडेपर्यंत साडेतीन मीटर आणि तेवढ्यात ७ ते ९ सेंटिमीटरचा उतार. दिसायला काहीच नाही. पण पाण्याला तेवढं पुरतं.

सात टँकर पाणी कुठे जातं?

आता जरा गणित करू. कंटाळू नका, छोटंसंच आहे.

रस्ता ७ मीटर रुंद. त्याचा एक किलोमीटरचा तुकडा घेतला तर क्षेत्रफळ झालं ७००० चौरस मीटर. एका पावसात एक सेंटिमीटर पाणी पडलं असं धरा. मराठवाड्यात जुलै-ऑगस्टमधल्या एका चांगल्या सरीला हे काही जास्त नाही. म्हणजे ७००० गुणिले ०.०१, उत्तर आलं ७० घनमीटर. एका घनमीटरात १००० लिटर. एकूण ७०,००० लिटर! दहा हजार लिटरचे सात टँकर पाणी, फक्त एका किलोमीटरच्या रस्त्यावर, एका सरीत.

ते जाणार कुठे? त्यासाठीच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाली असते. डांबरावरून पाणी साइडपट्टीवर, साइडपट्टीवरून नालीत, नालीतून मोरीत किंवा ओढ्यात आणि शेवटी कयाधूला. सपाट रानात ही वाट फार नाजूक असते, कारण घाटातल्यासारखं पाणी इथे आपोआप पळत नाही. त्याला हळूच हात धरून न्यावं लागतं. मधे एक जागा जरी अडली, तरी सगळं पाणी तिथेच बसून राहतं. खालची काळी माती मग आठ आठ दिवस पाणी पीत राहते.

आणि आता खरी गोष्ट सांगतो. नाली कोण अडवतं?

बहुतेक वेळा आपणच. रस्त्याच्या पलीकडे शेत आहे. बैलगाडी आत न्यायची, ट्रॅक्टर न्यायचा. मधे नाली आडवी. मग चार पाट्या माती टाकली की झाली वाट! कुणी हॉटेलच्या टपरीसमोर भरणी टाकतं, कुणी घरासमोर. कुणी नांगरताना शेताचा धुरा थोडा थोडा रस्त्याकडे सरकवतो आणि नाली हळूहळू शेतातच जाते. कुणाच्याही मनात रस्ता मोडायचा नसतो. शेतात जायला वाट हवी, ही काही चुकीची मागणी नाही. पण मातीच्या त्या ढिगाखालून एक सिमेंटचा पाईप टाकला असता, तर गाडीही गेली असती आणि पाणीही गेलं असतं. पाईप नाही म्हणून पाणी थांबलं. पाणी थांबलं म्हणून माती फुगली. माती फुगली म्हणून डांबर तडकलं. तडकलेल्या जागी चाक गेलं आणि खड्डा पडला.

खड्ड्यापर्यंतच गोष्ट थांबली असती तर चाललं असतं. पण रस्ता फारच उखडला की एस.टी.ला गावात येणं कठीण होतं. फेऱ्या कमी होतात, कधी बंदच पडतात. खेड्यांतून शाळेला जाणाऱ्या मुलींना सरकार एस.टी.चा पास मोफत देतं. पण बसच आली नाही, तर तो पास दप्तरातच राहतो. मुलगा सायकल काढून जातो. मुलीला घरचे म्हणतात, "एवढ्या लांब एकटी कशी जाशील? राहू दे." बघा हं, कुठे नालीत टाकलेल्या चार पाट्या मातीच्या आणि कुठे एका मुलीची आठवी-नववी! पण धागा सरळ जोडलेला आहे.

दुप्पट ओझं, सोळापट नुकसान

"सगळा दोष पाण्यालाच का? ट्रक नाही का रस्ता मोडत?" असं तुमच्यापैकी कुणी तरी नक्की विचारणार. बरोबर आहे.

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला. इलिनॉय नावाच्या सपाट मैदानी राज्यात, ओटावा या गावाजवळ, खास प्रयोगासाठी रस्ते बांधले. त्यांच्यावरून लष्कराच्या जवानांनी कमी-जास्त वजनाचे ट्रक दोन वर्षं फिरवले. फेऱ्या किती? अकरा लाखांहून जास्त वेळा चाकं त्या रस्त्यांवरून गेली! मोजमाप केल्यावर जे हाती आलं, त्याने सगळे चकित झाले. चाकांच्या एका जोडीवरचं, म्हणजे आसावरचं ओझं दुप्पट केलं, तर नुकसान दुप्पट होत नाही. ते साधारण १६ पट होतं. २ गुणिले २ गुणिले २ गुणिले २, असा हिशोब.

याचा अर्थ काय? आसावरचं ओझं परवानगीपेक्षा फक्त वीस टक्के जास्त झालं, तर १.२ चा चार वेळा गुणाकार करून पाहा. उत्तर येईल २ पेक्षा थोडं जास्त. म्हणजे ओझं फक्त वीस टक्के जास्त आणि रस्त्याचं नुकसान दुप्पट! आणि तुमच्या सायकलीने रस्त्याचं किती बिघडतं? जवळजवळ शून्य. तेव्हा सायकलवाल्यांनो, कॉलर ताठ करायला हरकत नाही.

रस्त्याला नंबर कोण देतं?

आता जरा कागदावरची गोष्ट. सगळे रस्ते एका जातीचे नसतात. मोठे शहर मोठ्या शहराला जोडणारा तो राष्ट्रीय महामार्ग. हिंगोलीतून जाणारा अकोला-नांदेड रस्ता तसा आहे, त्याचा क्रमांक १६१. त्याच्या खालोखाल राज्यमार्ग, मग प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण मार्ग. सरकारी कागदांवर 'प्रजिमा' आणि 'इजिमा' अशी अक्षरं दिसतात ना, ती याचीच. साधारणपणे राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभाग सांभाळतो. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. रस्त्याला 'बढती'ही मिळते. अलीकडच्या वर्षांत कितीतरी राज्यमार्ग राष्ट्रीय महामार्ग झाले आणि त्यांचे क्रमांक बदलले. तेव्हा जुना नकाशा आणि नवा फलक जुळला नाही, तर गोंधळू नका.

ही वर्गवारी ठरली कुठे? आपल्या नागपूरला! डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य इंजिनिअर तिथे जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. ती 'नागपूर योजना' म्हणून ओळखली जाते. तिचं एक ध्येय फार सुंदर होतं : चांगल्या शेतीच्या भागात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून, म्हणजे आठ किलोमीटरहून जास्त लांब असू नये. आज आपल्याला आठ किलोमीटर लांब वाटतात. पण तेव्हा पावसाळ्याचे चार महिने काळ्या रानातली गाडवाट म्हणजे नुसता राडा असायचा. बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं.

त्याच्याही आधी, १९२७ साली, देशातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. हो, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू तेच. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. समितीने सुचवलं की पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. त्यातून १९२९ साली रस्त्यांचा मध्यवर्ती निधी सुरू झाला. म्हणजे बघा, मोटार चालवणाऱ्याने रस्त्याचा खर्च उचलावा ही कल्पना शंभर वर्षांची होत आली.

दगड काय बोलतो?

रस्त्याची जात ओळखायची सोपी खूण सांगू? किलोमीटरचा दगड पाहा. त्याचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवं असेल तर राज्यमार्ग. नारिंगी असेल तर गावाकडचा रस्ता. दर पाचव्या किलोमीटरचा दगड बाकीच्यांपेक्षा मोठा असतो. आणि दोन दगडांच्या मधे, दर दोनशे मीटरवर, छोटे छोटे दगड असतात. त्यांच्यावर नुसते आकडे असतात, २, ४, ६, ८. म्हणजे १४ चा दगड मागे गेला आणि आता ६ चा छोटा दगड दिसतोय, तर तुम्ही आहात १४ किलोमीटर ६०० मीटरवर.

"त्याचा उपयोग काय?" फार मोठा आहे. शहरात पत्ता सांगणं सोपं. अमक्या चौकात, तमक्या दुकानासमोर. मोकळ्या रानात काय सांगणार? "एक बाभूळ आहे, शेजारी सोयाबीनचं रान आहे." अहो, पंचवीस किलोमीटर तेच आहे! सपाट रस्त्यावर गाड्या वेगात असतात, रात्री दिवे नसतात, आणि मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली उभी असली की अपघात होतो. अशा वेळी १०८ ला फोन लावायचा. महाराष्ट्रात ही मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून धावते. तिकडचा माणूस पहिला प्रश्न विचारणार, "कुठे आहात?" तेव्हा ज्याला दगड वाचता येतो, तो एका दमात सांगेल : "अमक्या गावाकडून तमक्या गावाकडे जाणारा रस्ता, किलोमीटर १४, सहाशे मीटर." रुग्णवाहिकेची शोधाशोध वाचली. अपघातानंतरचा पहिला तास सगळ्यात मोलाचा असतो. त्यातली दहा मिनिटं वाचली तरी कुणाचे बाबा, कुणाची ताई वाचू शकते.

मोठी माणसं कधी कधी मदतीला पुढे येत नाहीत. "उगाच पोलिसांचं लचांड मागे लागेल," म्हणतात. त्यांना सांगा, २०१९ साली मोटार वाहन कायद्यात बदल झाला आहे. चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला आता संरक्षण आहे. त्याच्यावर नाव-गाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.

आणि तुमच्यासाठी दोन नियम. जिथे पदपथ नाही तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चालायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते. सायकलवर असाल तर मात्र डाव्या बाजूने, एकामागे एक. गप्पा मारत तिघं तिघं नाही!

या आठवड्याचा उद्योग

वही घ्या, दोन-तीन मित्रमैत्रिणी आणि एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या. आपल्या गावाजवळच्या रस्त्याचा एकच किलोमीटर निवडा आणि कडेकडेने चालत जा. या गोष्टी लिहा : दगडाचं डोकं कोणत्या रंगाचं? त्यावरचा आकडा वाचता येतो की पुसलाय? मोऱ्या किती, मोकळ्या किती, तुंबलेल्या किती? नाली कुठे कुठे बुजली आहे? आणि खड्डे कुठे आहेत?

मग एक गंमत करा. एका लांब पट्टीवर रस्ता काढा. बुजलेल्या नालीवर निळी खूण, खड्ड्यावर लाल खूण. निळ्या आणि लाल खुणा जवळजवळ येतात का, ते बघा. काही ठिकाणी येणार नाहीत, तिथे दुसरं कारण शोधा. पण ज्या ठिकाणी येतील, तो कागद सांभाळून ठेवा. शाळेत गुरुजींना दाखवा. त्यांच्याबरोबर जाऊन ग्रामपंचायतीत सरपंचांना द्या. "रस्ता खराब आहे" असं तक्रारीचं पत्र त्यांच्याकडे पुष्कळदा आलेलं असतं. "या तीन जागी पाईप टाकले आणि या दोन मोऱ्या मृगाच्या आधी उपसल्या, तर पाणी निघून जाईल," असं पत्र क्वचितच येतं. पाईप, कुदळ आणि चार माणसं, एवढ्यात होणारं काम असेल तर कदाचित ते याच वर्षी होईल.

आणि हो, वाटेत कुणी काका नालीत माती टाकताना दिसले, तर त्यांच्याशी भांडू नका. आधी विचारा, "काका, शेतात गाडी न्यायचीय का?" मग ताटलीतल्या काळ्या मातीची गोष्ट त्यांना सांगा. त्यांना ती माती तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पाईपाचं तेवढं तुम्ही सुचवा.

तुमच्या किलोमीटरचा नकाशा आम्हाला जरूर पाठवा. पुढच्या आठवड्यात रस्त्यावरून खाली उतरू आणि मोरीखालून वाहणाऱ्या ओढ्याबरोबर चालत जाऊ. तोवर रस्त्याची कड सांभाळा, आणि स्वतःलाही!